७९ व्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन द्यावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७९ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा) २३, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा गुण) ४+४=८, बोन स्कॅनमध्ये हाडांत काही नाही. मधुमेह आहे, पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. रात्री चार-पाचदा लघवीला उठतात, पण स्वतःचे सगळे स्वतः करतात. एका डॉक्टरांनी चार आठवडे रेडिएशन आणि दोन वर्षे हार्मोनची (म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारी) इंजेक्शने सुचवली. दुसरे म्हणाले, नुसती इंजेक्शने पुरेत. घरातल्यांचे म्हणणे, या वयात कशाला हाल करायचे. आणि तुम्ही विचारता, रेडिएशन त्यांना झेपेल का?

झेपण्याचा प्रश्न तसा सोपा आहे. स्वतः चालत-फिरत असलेल्या माणसाला हे उपचार बहुतेक वेळा झेपतात. अवघड प्रश्न दोन आहेत. हा आजार त्यांना त्यांच्या हयातीत गाठणार आहे का? आणि उपचारांतला कोणता भाग त्यांना सगळ्यात जड जाणार आहे? दुसऱ्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. लोक घाबरतात रेडिएशनला, पण पंचाहत्तरीनंतर अंगावर येते ते बहुधा हार्मोनचे इंजेक्शन. त्यामुळे 'रेडिएशन नको, नुसती इंजेक्शने द्या' हा सल्ला सौम्य वाटतो खरा, पण यात कमी त्रासाची गोष्ट टाळली जाते आणि जास्त त्रासाची आयुष्यभर चालू राहते.

कशाचाही निर्णय घेण्याआधी तो २३ चा आकडा तपासून घ्या. रात्री इतक्यांदा उठतात म्हणजे प्रोस्टेटची एखादी गोळी आधीपासून चालू असेल. तिच्यात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड आहे का, ते पाकिटावर वाचा. लघवीची धार सुधारणाऱ्या टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत ते मिसळलेले असते, म्हणून लक्षात येत नाही. अशी गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो, म्हणजे २३ ला ४६ धरायचे. याच्या उलटही होते. रक्त तपासले त्या सुमारास लघवीत जंतुसंसर्ग झाला होता, लघवी तुंबली होती किंवा नळी घातली होती, तर आकडा फुगलेला असू शकतो. ग्लीसन ८ असल्यामुळे वडील दोन्ही परिस्थितींत 'हाय रिस्क' गटातच राहतात, पण पुढच्या तपासण्या आणि औषधे यांची गणिते बदलतात.

आता पहिला प्रश्न. ग्लीसन ६ आणि पीएसए १० च्या आत असता तर मी सरळ म्हटले असते की काही करू नका, फक्त लक्ष ठेवा. तसा आजार इतका संथ असतो की या वयाच्या बहुतेकांना तो कधी त्रासच देत नाही. ग्लीसन ८ चे तसे नाही. तो काही वर्षांत हालचाल करतो, आणि ती वर्षे तुमच्या वडिलांच्या वाट्याला यायची शक्यता बरीच आहे. लघवी तुंबणे, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या, मूत्रपिंडावर दाब, कंबरेच्या हाडात दुखणे, हे सगळे ८४ व्या वर्षी सोसणे ७९ व्या वर्षी चार आठवडे रेडिएशन घेण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. 'या वयात कशाला' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही बाजू धरलेलीच नसते.

नुसती इंजेक्शने की इंजेक्शने अधिक रेडिएशन, याची थेट तुलना झालेली आहे. स्कँडिनेव्हियातल्या एसपीसीजी-७ या चाचणीत दोन्ही गटांना हार्मोनचे उपचार दिले आणि एका गटाला जोडीला रेडिएशन. दहा वर्षांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरने झालेले मृत्यू नुसत्या हार्मोनच्या गटात २३.९ टक्के होते, रेडिएशन जोडलेल्या गटात ११.९ टक्के. म्हणजे निम्मे. फक्त त्यातले रुग्ण ७५ वर्षांपर्यंतचे होते, आणि त्यापुढे दुसऱ्या आजारांचा वाटा वाढत जातो. तुमच्या वडिलांना हा फायदा मिळेल तो बहुधा याहून कमी, पण शून्य नाही.

किती मिळेल हे जन्मतारखेवरून कळत नाही. त्यासाठी माणूस पाहावा लागतो, आणि त्यातले थोडे तुम्हीही घरी पाहू शकता. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. नेहमीच्या चालीने याला १२ सेकंदांहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असे समजा. गेल्या तीन महिन्यांत वजन उतरले का? औषधे आणि पैशांचे व्यवहार स्वतः सांभाळतात का? कालची गोष्ट आज विसरतात का? दवाखान्यात यासाठी जी-८ नावाची छोटी प्रश्नावली असते. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले तर वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्यायची असते. कमी गुण म्हणजे उपचार नाकारले असे नाही. अशक्तपणाचे कारण कधी कमी हिमोग्लोबिन असते, कधी न जुळणाऱ्या औषधांचा ढीग, कधी उदासी. ते आधी सुधारून सहा आठवड्यांनी रेडिएशन सुरू करता येते, आणि कॅन्सर तेवढा वेळ देतो.

तुमच्या लिहिण्यावरून वडील 'तब्येत बरी, पण हृदय आणि साखर सांभाळावी लागते' अशा मधल्या गटातले दिसतात. अशा माणसाला माझा कल असा: रेडिएशन पूर्ण द्या आणि इंजेक्शनची मुदत हात राखून ठरवा. उलटे करू नका.

रेडिएशनच्या स्वरूपाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे मतभेद कमी आहेत. २० दिवसांत ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे माप), म्हणजे रोज ३ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, ही पद्धत ३२१६ पुरुषांच्या सीएचएचआयपी चाचणीत ३७ दिवसांच्या जुन्या पद्धतीच्या तोडीस तोड ठरली. टेबलावर दहा-पंधरा मिनिटे पडायचे, किरण त्यातली दोन-चार मिनिटेच चालू असतात. काही जाणवत नाही. घरी आल्यावर नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही, कारण बाहेरून दिलेल्या किरणांचे शरीरात काही उरत नाही.

पाच दिवसांच्या कोर्सबद्दल तुम्ही वाचलेच असेल. पेस-बी चाचणीत पाच वेळा ७.२५ ग्रे देऊन छान निकाल आले, पण ते रुग्ण कमी आणि मध्यम धोक्याचे होते. ग्लीसन ८ साठी पुरावा अजून तितका भक्कम नाही. शिवाय रात्री चार-पाचदा उठणाऱ्या माणसाला मोठ्या डोसच्या छोट्या कोर्सने लघवीचा त्रास एकदम उसळू शकतो. रोजचा प्रवास खरोखरच अशक्य असेल तर हा विषय काढा, एरवी नको.

ओटीपोटातल्या लिम्फ ग्रंथींनाही किरण द्यायचे का, हे मात्र विचारून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या पीओपी-आरटी चाचणीत हाय रिस्क रुग्णांना प्रोस्टेटबरोबर ग्रंथींनाही किरण दिले, तेव्हा पाच वर्षांनी पीएसए न वाढलेल्यांचे प्रमाण ९५ टक्के होते, नुसत्या प्रोस्टेटला दिले तेव्हा ८१.२ टक्के. एकूण जगण्यात तोवर फरक नव्हता, आणि लघवीचे उशिराचे मध्यम ते तीव्र त्रास २० टक्के विरुद्ध ८.९ टक्के होते. साठीतला, धडधाकट माणूस असेल तर मी ग्रंथी घेईन. ७९ व्या वर्षी, मूत्राशय आधीच कुरकुरत असताना, स्कॅनमध्ये ग्रंथी स्वच्छ असतील तर प्रोस्टेट आणि त्यामागच्या वीर्यकोशांवरच थांबेन. इथे दोन चांगल्या डॉक्टरांची मते वेगळी पडू शकतात आणि दोघेही बरोबर असू शकतात.

आता ज्या भागात वृद्धांचे उपचार प्रत्यक्षात बिघडतात तिकडे येतो. यंत्र क्वचितच चुकते. गडबड होते ती मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामुळे.

प्रोस्टेटच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय. गुदाशयात गॅस किंवा मल साठला की प्रोस्टेट पुढे ढकलले जाते, काही मिलिमीटर, कधी एक सेंटीमीटर. नियोजनाचा सीटी स्कॅन गुदाशय फुगलेला असताना काढला तर सगळा आराखडाच चुकीच्या जागेसाठी बनतो. रोज गुदाशय रिकामा असताना प्रोस्टेट मागे सरकलेले असते आणि डोसची कड चुकते. म्हणून स्कॅनमध्ये गुदाशय ४ सेंटीमीटरहून रुंद दिसला तर रुग्णाला उठवून, पोट साफ करायला लावून पुन्हा स्कॅन काढतात. कंटाळवाणे वाटते, पण त्यावर रागावू नका. चांगल्या विभागाची ती खूण आहे.

म्हणून बद्धकोष्ठाचा बंदोबस्त स्कॅनच्या आठवडाभर आधी सुरू करा, आदल्या रात्री नाही. लॅक्टुलोज किंवा इसबगोल चालते. इसबगोल घ्यायचे तर पाणी भरपूर हवे, नाहीतर तेच अडकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियमची जुलाबाची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि तिसऱ्या आठवड्यात शौच पातळ होऊ लागली की हेच औषध बंद करायचे असते. ते कुणी सांगत नाही, म्हणून दोन्ही चालू राहतात आणि माणूस जुलाबाने थकतो.

मूत्राशय भरलेले ठेवायला सांगतात ते अशासाठी, की भरलेल्या मूत्राशयाचा बराचसा भाग किरणांच्या बाहेर वर उचलला जातो आणि आतडीही दूर राहतात. छापील सूचना बहुधा अशी असते: लघवी करून या, ४०० ते ५०० मिली पाणी प्या, पाऊण तास थांबा. पन्नाशीतल्या माणसाला हे जमते. तुमच्या वडिलांना जमणार नाही, आणि जमवायचा हट्टही करू नये. स्कॅनच्या दिवशी सगळे उत्साहात असतात, दोन तास वाट पाहण्यात जातात, मूत्राशय तुडुंब भरते आणि त्या अवस्थेवर आराखडा बनतो. मग चार आठवडे रोज ते तुडुंब मूत्राशय पुन्हा तयार करण्याची धडपड चालते. तिसऱ्या आठवड्यात, मूत्राशय चिडलेले असताना, ते होतच नाही. कपडे ओले होतात आणि माणूस शरमेने पुढचे दिवस टाळू लागतो. म्हणून स्कॅनआधीच सांगा की ते आरामात जेवढे धरू शकतात तेवढ्यावरच आराखडा करा. २०० ते २५० मिली पाणी आणि अर्धा तास, एवढ्यावर बऱ्याच वयस्क रुग्णांचे छान निभावते. किती भरले यापेक्षा रोज सारखे भरले याला महत्त्व आहे. स्कॅनच्या आधी आठवडाभर घरी घड्याळ लावून सराव करा.

यात औषधांच्या वेळा आडव्या येतात. फुरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेऊन अकराला रेडिएशनला गेलात तर मूत्राशय दुप्पट वेगाने भरते. ती गोळी रेडिएशननंतर घेता येईल का, ते विचारा. मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते. लघवीचे प्रमाण वाढते, जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होतो, आणि हे सगळे रेडिएशनच्या नावावर खपते. हृदयासाठीही ही औषधे उपयोगी असतात, त्यामुळे परस्पर बंद करू नका, पण फिजिशियनशी बोला. मेटफॉर्मिननेही शौच पातळ होते. रेडिएशनच्या आधीपासून तसे असेल तर आधीच नोंदवून ठेवा.

लघवी झाल्यावर आत किती उरते, ते सोनोग्राफीत पाहून घ्या. मधुमेह्यांना मूत्राशय भरल्याची जाणीवच कमी होते. 'वारंवार लागते' वाटते आणि प्रत्यक्षात ते कधी पूर्ण रिकामेच होत नसते. १५० मिलीपेक्षा जास्त उरत असेल तर आधी त्यावर उपाय करायचा, नाहीतर कोर्सच्या मध्यावर सूज येऊन लघवी तुंबते आणि नळी घालावी लागते. प्रोस्टेट फार मोठे असेल तर दोन-तीन महिने इंजेक्शन देऊन ते आटवतात आणि मग रेडिएशन सुरू करतात. साधारण तिसऱ्या हिश्शाने ते लहान होते. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया करावीच लागली, तर जखम भरायला किमान सहा ते आठ आठवडे मध्ये सोडतात. घाई केली तर कायमची लघवी गळण्याचा किंवा मार्ग आवळण्याचा धोका वाढतो.

त्रास कधी आणि कसा होतो? पहिला आठवडा-दीड आठवडा काहीच नाही, म्हणून घरच्यांना वाटते की आपण उगाच घाबरलो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ, घाई, बारीक धार, शौचाला दोन-तीनदा जावे लागणे, थोडी चिकट आव, आणि दुपारी थकवा. कोर्स संपल्यावर आठवडाभर हे वाढूही शकते. मग चार ते सहा आठवड्यांत ओसरते. जळजळ वाढली की आधी लघवीची तपासणी आणि कल्चर, मग औषध. ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी पूर्ण अडली तर सकाळची वाट पाहायची नाही.

इथे वृद्धांसाठी औषधांचा एक सापळा आहे. धार सुधारायला दिलेल्या टॅमसुलोसिनने उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो. घाई कमी करायला दिलेल्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, शौच घट्ट होते, लघवी अडू शकते आणि काही म्हाताऱ्या माणसांना चक्क भ्रम होतो. 'रेडिएशनने डोक्यावर परिणाम झाला' असे घरचे म्हणतात तेव्हा मी आधी गोळ्यांची यादी मागतो. ओटीपोटावर दिलेले किरण मेंदूपर्यंत जात नाहीत. घाईसाठी गोळी द्यायचीच तर मिराबेग्रॉन बरी, फक्त रक्तदाब पाहत राहायचा. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मधुमेह, हृदयविकार आणि रक्त पातळ करणारी औषधे असलेल्या माणसाला देऊच नयेत.

रात्री अंधारात घाईने उठणे, त्यात टॅमसुलोसिनची घेरी, त्यात इंजेक्शनने ठिसूळ होत चाललेली हाडे. ८० वर्षांच्या माणसाच्या या उपचारातली सगळ्यात वाईट घटना कॅन्सर वाढणे ही नसून खुब्याचे हाड मोडणे ही असू शकते. पलंगाजवळ लघवीचे भांडे, रात्रभर मंद दिवा, उठण्याआधी पाय खाली सोडून मिनिटभर बसणे, जमिनीवरची सैल पायपुसणी काढून टाकणे. हे सगळे पहिल्या इंजेक्शनच्या आधी करून ठेवा.

आता इंजेक्शन. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही इंजेक्शने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जवळपास शून्यावर आणतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ते उलट वाढते, म्हणून त्या काळापुरत्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. त्या विसरू नका, विशेषतः लघवी आधीच अडखळत असेल तर. त्यानंतर अंगातून गरम वाफा, स्नायू आटणे, पोट सुटणे, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढणे, हाडांची घनता कमी होणे, हिमोग्लोबिन थोडे उतरणे, आणि मनाची एक उदासी, जी पुरुष बोलून दाखवत नाहीत. हृदयाचा त्रास असलेल्यांत हृदयाच्या घटनांचा धोकाही वाढू शकतो. डेगारेलिक्स किंवा रेल्युगोलिक्स ही वेगळ्या पद्धतीची औषधे हृदयाला सोयीची असावीत असे काही अभ्यासांत दिसले, पण त्यावर शिक्कामोर्तब झालेले नाही. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉनचा तो उसळा मात्र त्यांनी येत नाही.

किती काळ? हाय रिस्कसाठी १८ ते ३६ महिने असे लिहिलेले असते. कॅनडातल्या पीसीएस-४ चाचणीत १८ आणि ३६ महिन्यांत जगण्यात फरक दिसला नाही, म्हणून या वयात १८ च्या पुढे जाण्याचे कारण मला सहसा दिसत नाही. हृदयविकारासारखे दुसरे आजार बळावलेले असतील तर त्याहूनही कमी. २०६ पुरुषांच्या एका जुन्या, छोट्या चाचणीत रेडिएशनला सहा महिन्यांच्या इंजेक्शनची जोड दिल्याचा फायदा फक्त इतर आजार नसलेल्यांना झाला. मध्यम ते गंभीर आजार असलेल्यांना झाला नाही. छोट्या चाचणीवर मोठा निर्णय बेतू नये हे खरे, पण दिशा पटण्यासारखी आहे. त्यातून वयस्क माणसात इंजेक्शन थांबवल्यावर टेस्टोस्टेरॉन परत यायला वर्षभरही लागते, काहींचे येतच नाही. म्हणजे कागदावरचे १८ महिने शरीराला अडीच वर्षे पडू शकतात.

म्हणून सुरुवात एक महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनने करा, सहा महिन्यांच्या नको. नाही सोसले तर थांबवता आले पाहिजे. सहा महिन्यांनी बसून हिशेब करा: चाल, वजन, साखर, छातीतले दुखणे, मनःस्थिती. सगळे ठीक असेल तर पुढे १८ पर्यंत. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेली दोन वर्षे चुकीची नाहीत, पण ती कमाल मर्यादा समजा, नवस नव्हे.

पीएसए खरोखर ४० च्या वर निघाला, किंवा एमआरआयमध्ये आजार प्रोस्टेटच्या आवरणाबाहेर गेलेला दिसला, तर जोडीला दोन वर्षे अ‍ॅबिराटेरोनच्या गोळ्यांचा विषय निघेल. त्याचा जगण्यात फायदा सिद्ध आहे. पण सोबत रोज प्रेडनिसोलोन घ्यावे लागते, म्हणजे साखर वाढते, आणि रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. अँजिओप्लास्टी झालेल्या ७९ वर्षांच्या मधुमेह्याला मी ते हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय देणार नाही.

इंजेक्शन सुरू होण्याआधी हाडांची घनता मोजून घ्या. आहार आणि गोळ्या मिळून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ८०० युनिट ड जीवनसत्त्व. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचे ठरले तर आधी दात तपासा, काढायचे असतील ते आधीच काढा. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी. आणि व्यायाम, पण नुसते चालणे पुरत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, दहाचे दोन-तीन फेरे रोज. आटत चाललेल्या मांड्यांना याहून स्वस्त औषध नाही.

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांबद्दल: त्या रेडिएशनसाठी बंद करायच्या नाहीत. प्रोस्टेटमध्ये सोन्याचे खुणेचे दाणे बसवायचे असतील तर काही दिवस थांबवण्याचा प्रश्न येतो. स्टेंट असताना तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा. रोज टेबलावरच छोटा सीटी काढून जागा जुळवणारे यंत्र असेल तर दाण्यांशिवायही काम भागते. पेसमेकर असेल तर आधी सांगा. तो ओटीपोटापासून लांब असतो, तरी १० मेगाव्होल्टहून जास्त ऊर्जेचे किरण टाळतात. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर धातूमुळे सीटीत रेषा उमटतात आणि त्या बाजूचे किरण टाळून आराखडा करावा लागतो. ते काही अडून राहण्याचे कारण नाही.

समजा, तपासणीत वडील तुम्हाला वाटतात त्याहून बरेच अशक्त निघाले. मग मोठा कोर्स सोडून देणे हाही सन्मानाने घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो. तेव्हासुद्धा इंजेक्शन लगेच सुरू करायलाच हवे असे नाही. त्रास नसेल आणि पीएसए ५० च्या आत असून १२ महिन्यांत दुप्पट होत नसेल, तर थांबून पाहता येते. पुढे हाड दुखू लागले तर ८ ग्रेचा एकच डोस पुष्कळदा पुरतो, लघवीतून रक्त जात असेल तर थोड्या दिवसांचा कोर्स. पेट स्कॅनमध्ये हाडात एक-दोन ठिपके दिसले तरी रेडिएशनचा विषय संपत नाही. मोजकाच पसरलेला आजार असताना प्रोस्टेटला दिलेल्या रेडिएशनने स्टॅम्पीड चाचणीत तीन वर्षांचे जगणे ७३ वरून ८१ टक्क्यांवर गेले होते.

उपचार संपल्यावरच्या दोन गोष्टी लिहून ठेवा. इंजेक्शन चालू असेतो पीएसए जवळजवळ शून्य असतो. ते थांबून टेस्टोस्टेरॉन परतू लागले की पीएसए ०.१ वरून ०.५, ०.८ असा चढतो आणि घरात रडारड होते. त्याच रक्तात टेस्टोस्टेरॉनही मोजून घ्या. सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ ने वर गेल्याशिवाय आजार परतला असे धरत नाहीत.

दुसरी गोष्ट, सहा महिने ते तीन वर्षांच्या काळात शौचातून लाल रक्त दिसू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे ती शक्यता वाढते. बहुधा ते थोडे असते आणि शौच मऊ ठेवली की थांबते. कोलोनोस्कोपी करावी लागली तर करणाऱ्या डॉक्टरांना प्रोस्टेटला रेडिएशन झाल्याचे आधी सांगा आणि गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढू नका असे स्पष्ट विनवा. किरणांनी नाजूक झालेल्या त्या जागी बायोप्सी केली तर जखम भरत नाही, आणि क्वचित मूत्रमार्गापर्यंत छिद्र पडते. रक्त खूपच जात असेल तर दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या झोताने त्या रक्तवाहिन्या जाळता येतात.

तूर्त माझ्यासमोर तीन आकडे नाहीत: एमआरआयमधली आजाराची व्याप्ती, प्रोस्टेटचे आकारमान, आणि लघवीनंतर उरणारे मिलिलिटर. त्याबरोबर सध्याच्या सगळ्या गोळ्यांची नावे मात्रेसह लिहून द्या. मग इंजेक्शन रेडिएशनच्या किती आधी सुरू करायचे आणि ग्रंथी सोडायच्या का, यावर नेमके बोलता येईल.